शाई बदलली, उतारा बदलला

मोडी दप्तरांतील लिखाण मुख्यतः काजळीच्या शाईचे आहे. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलायची आणि बोरूने लिहायचे. ही शाई गादीच्या खोळीवर सांडली तर तिच्यावर कोणतेच रसायन चालत नसे, कारण काजळी म्हणजे कार्बन. तो ना आम्लात विरघळतो ना क्षारात. उपाय एकच, डिंक सुकण्याआधी भरपूर पाणी. डिंक सुटला की काजळीही वाहून जाई. डाग वाळला, तर मात्र काजळीचे कण धाग्यांच्या सांध्यांत बसत आणि रिठ्याच्या फेसात कितीही चोळले तरी राखाडी झाक उरे.

दुसरी शाई लोखंडाची. हिरडा किंवा माजूफळ यांतील टॅनिन हिराकसाशी मिसळले की काळा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतके हीच शाई चालली. तिच्यात निळा रंग घालून केलेली निळी-काळी शाई एकोणिसाव्या शतकात कचेऱ्यांतून रुळली. लिहिताना फिकट आणि हवा लागली की गडद, हा तिचा स्वभाव. त्यामुळे ताजा डाग पाण्याने बराचसा जाई, आठवड्याने मात्र तोच काळाकुट्ट होई. या डागावर आंबटाचा इलाज चाले. लिंबू-मीठ आणि ताक यांची कीर्ती इथलीच. पण त्यांतली आम्ले सौम्य. खरे काम ऑक्झॅलिक आम्लाचे. ते लोखंडाला धरून विरघळवते आणि पाण्याबरोबर बाहेर नेते. बिलिंबीत हे आम्ल भरपूर असते, म्हणून तिच्या रसाने कपड्यांवरचे गंजाचे डाग काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने 1776 मध्ये साखरेपासून हे आम्ल बनवले. त्याचेच पोटॅशियमचे लवण युरोपात ‘सॉल्ट ऑफ लेमन’ म्हणून विकले जाई. नाव लिंबाचे असले तरी आत लिंबू नव्हते, वर ते विषारी. इतके फसवे नाव दुसरे मिळणे कठीण. सागवानी किंवा ओकच्या मेजावरचे काळे डाग काढायला सुतार आजही ऑक्झॅलिकच वापरतात.

क्लोरीनही शेलेनेच 1774 मध्ये शोधला. त्या आधारे बर्थोलेने फ्रान्समध्ये कापड पांढरे करण्याचे पाणी तयार केले आणि 1799 मध्ये ग्लासगोच्या टेनंटने ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. सुती कापडाला ती वरदान ठरली. रेशीम आणि लोकर मात्र ती खाऊन टाकते, त्यामुळे पैठणीच्या वाट्याला ती कधीच आली नाही. शिवाय लोखंडी शाईवर नुसते ब्लीच टाकले की काळा रंग जातो आणि गंजासारखा पिवळा डाग मागे राहतो. म्हणूनच शाई काढण्याच्या औषधाच्या दोन बाटल्या असत, एक आम्लाची आणि दुसरी क्लोरीनची.

पर्किनने 1856 मध्ये पहिला अॅनिलीन रंग बनवला. त्यानंतर शाईतही कृत्रिम रंग आले. फाउंटन पेनच्या धुता येणाऱ्या निळ्या शाईतला रंग क्षारात फिका पडतो, त्यामुळे शाळकरी सदऱ्यावरचा डाग साध्या साबणाने निघतो. तरीही कित्येक घरांत त्यावर सवयीने लिंबूच पिळले जाई. लोखंड नसलेल्या या डागावर आंबटाचा उपयोग नव्हता.

लास्लो बिरोने 1938 मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले. त्याची शाई पाण्यात मिसळत नाही, तिला स्पिरिट लागते. सुती शर्टाखाली टिपकागद ठेवून स्पिरिटचा बोळा टेकवला की रंग खाली उतरतो. लाकडावर मात्र हा उपाय महागात पडतो: जुन्या खुर्च्या-कपाटांचे लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवलेले असते, त्यामुळे डागाबरोबर तेही निघून येते. रेक्झिनच्या सोफ्यावर तर शाई प्लास्टिकच्या आतच झिरपते. तिथे लगेच पुसले तर ठीक, नाहीतर कव्हर बदलावे लागते.