खेळाडूंची निवड व स्थलांतर, महाविद्यालयीन (बास्केटबॉल)

महाविद्यालयाच्या संघासाठी खेळाडू मिळविणे आणि खेळाडूने एक संस्था सोडून दुसऱ्या संस्थेत जाणे, या दोन प्रक्रियांना अनुक्रमे खेळाडू-निवड व स्थलांतर म्हणतात. भारतातील विद्यापीठांच्या सर्वसाधारण रचनेत शारीरिक शिक्षण संचालक प्रवेशित विद्यार्थ्यांतून महाविद्यालयाचा संघ निवडतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतील व निवड चाचणीतील कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ ठरतो आणि तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धांत उतरतो. खेळाडू नियमित विद्यार्थी असणे ही पात्रतेची मूळ अट असल्याने विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे आधीच्या विद्यापीठाने दिलेला सोडचिठ्ठीवजा दाखला, महत्त्वाचा ठरतो. याउलट अमेरिकेत प्रशिक्षक शालेय खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ करून आपल्याकडे वळवितात. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्थलांतरेच्छूंची संगणकीय नोंदवही सुरू केली आणि २०२१ मध्ये बास्केटबॉलपटूंना एकदा संस्था बदलून वर्षभर न थांबता लगेच खेळण्याची मुभा दिली.