‘श्री सुंभाजी’ नावाचा चाचा आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलणारा आंग्रे

मे महिन्यात कोळवणला आत्याकडे गेले होते. दुपारी लाइट होती म्हणून भावंडांनी लॅपटॉपवर ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा तिसरा भाग लावला. २००७ सालचा, गोर व्हर्बिन्स्कीचा, ‘ॲट वर्ल्ड्स एंड’. नावाला साहसपट, पण निम्मा सिनेमा विनोदीच आहे, आणि माणसं तर इतकी की कोण कोणाच्या बाजूचा हे शेवटपर्यंत आत्याला कळलं नाही. त्यात जगभरच्या नऊ चाचे-सरदारांची एक सभा भरते. या नऊ जणांत पागोटंवाला, दाढीवाला एक गंभीर गृहस्थ आहे. त्याचं नाव श्री सुंभाजी अँग्रिया.

धाकटा भाऊ उठून बसला. “ताई, हा आपला आंग्रे का गं?”

हो, आपलाच. आणि त्याचं जे केलंय ते बघण्यासारखं आहे. हा सुंभाजी स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने त्याचा माणूस जाहीर करतो की श्री सुंभाजींना हा सगळा मूर्खपणा वाटतो, तुमची ती चाच्यांची संहिता गेली खड्ड्यात. हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत कॅप्टन टीग त्या माणसाला गोळी घालतो. थोड्या वेळाने सुंभाजी स्वतः तोंड उघडतो, तर आवाज बारीक, चिरका. थिएटरात इथे लोक हसतात. आमच्याकडेही हसले. मीही हसले.

मग मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. माझा प्रबंध पश्चिम किनाऱ्यावरच्या सागरी परवान्यांवर आहे, त्यामुळे आंग्रे रोज भेटतात. आणि माझ्या कागदांतही ते बहुतेक वेळा असेच भेटतात, म्हणजे बोलणारा दुसराच कोणीतरी असतो.

आधी खरा माणूस कोण ते बघू. कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांच्यानंतर सेखोजी आले, तेही १७३३ मध्ये गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्ये पडून मानाजीला कुलाबा दिला आणि संभाजीकडे ‘सरखेल’ हा किताब आणि दक्षिणेकडचा भाग राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संभाजीच्या आरमाराने इंग्लंडहून मुंबईला येणारं कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज पकडलं. मुंबईकर इंग्रजांना हा घाव फार दिवस दुखत राहिला. पुढे १७४० मध्ये संभाजीने कुलाब्यावर चाल केली, तेव्हा मानाजीच्या मदतीला पेशव्यांची फौज आली आणि इंग्रजांची गलबतंही आली. दोनेक वर्षांत संभाजी वारला. आवाज बारीक होता की जाड, कोणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

सिनेमात त्याच टेबलावर मिस्ट्रेस चिंग बसलेली आहे. तिचं मूळ असलेली चिनी चाचीण १८१० च्या सुमारास शरण आली. म्हणजे संभाजीनंतर सत्तर वर्षांनी. या घोटाळ्यावर रागवण्यात अर्थ नाही, विनोदी सिनेमाला सनावळी लागत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या सभेत बसायला संभाजीला आमंत्रण कोणी दिलं? ‘चाचा’ हे ओळखपत्र त्याच्या गळ्यात कोणी घातलं?

उत्तराचा मोठा भाग लंडनमध्ये सापडतो. १७३७ मध्ये क्लेमेंट डाउनिंगचं पुस्तक निघालं. तो आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत कंपनीच्या आरमारात होता. त्याच्या शीर्षकातच ‘अँग्रिया’ आणि ‘पायरेट’ हे शब्द शेजारी शेजारी आहेत. १९०७ मध्ये कर्नल बिडल्फने ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ लिहिलं. एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून विश्वकोशात आणि मग पटकथा लिहिणाऱ्याच्या टेबलावर अशी ही वाट असावी. ‘अँग्रिया’ हा उच्चारसुद्धा इंग्रजी कागदांतलाच. त्या कागदांत कान्होजी, संभाजी, तुळाजी सगळे ‘अँग्रिया’च. दोन पिढ्यांचं एकच भूत.

आता परवान्यांकडे येते, कारण सगळं भांडण तिथलं आहे. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ देत. तो नसला तर जहाज जप्त. कंपनीही पास देत असे. कान्होजींनी तेच केलं: आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक घ्या. कंपनीचं म्हणणं, आमच्या निशाणाखालची जहाजं मोकळी सोडा. कान्होजींचा आक्षेप असा की त्या निशाणाखाली मुंबईच्या खाजगी व्यापाऱ्यांचा माल फिरतो. गव्हर्नर बूनशी त्यांचा याबद्दल पत्रव्यवहार झाला. मग १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाबा, असे इंग्रजांचे हल्ले झाले. तिन्ही फसले.

एकच कृती, पण पोर्तुगीजाने केली तर महसूल आणि आंग्र्याने केली तर चाचेगिरी. आणि चाचे कोण हा घोळ इंग्रजांच्या वाट्यालाही आला होता बरं का. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ लुटलं, तेव्हा मुघल अधिकाऱ्यांनी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनाच कैदेत टाकलं. त्यांच्या लेखी टोपीकर सगळे सारखे.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी ठणकावून लिहिलं होतं: ‘आंग्रे चाचे नव्हते, आरमारप्रमुख होते.’ मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोण म्हणतं?’ मी चिडले होते. पण मुद्दा बरोबर होता. मी फक्त लेबल बदललं होतं. १९५९ मध्ये मनोहर माळगावकरांनी कान्होजींचं चरित्र लिहिलं, १९५१ पासून मुंबईच्या नौदल तळाचं नाव ‘आंग्रे’ आहे. हे सगळं आपल्या जागी ठीक आहे. पण मुंबईचा गुमास्ता ‘पायरेट’ लिहितो तेव्हा तो बहुधा लंडनला नुकसानीचा हिशेब देत असतो. पेशव्यांचा कारकून ‘सरखेल’ लिहितो तेव्हा तो आंग्र्यांना सातारच्या गादीला बांधून घेत असतो. दोन्ही शब्दांच्या मागे कोणाचं तरी काम अडलेलं आहे. ते काम कोणतं, हे प्रत्येक कागदापाशी विचारावं लागतं.

हे कोळवणला बसून जास्त नीट कळलं, याचं कारण भूगोल. कोळवणहून हडशी-जवण करत तिकोना पेठेत उतरता येतं. पलीकडे पवनेचं खोरं आणि लोहगड. १७१३ मध्ये कान्होजी घाट चढून इथवर आले, शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं आणि लोहगड घेतला. शाहूंनी मग बाळाजी विश्वनाथांना पाठवलं. त्यांनी लढाई न करता तह केला, कान्होजी ताराबाईंची बाजू सोडून शाहूंकडे आले, आणि सरखेली व किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. समुद्रावरचा लुटारू घाटमाथ्यावर येऊन पेशवा धरून ठेवतो आणि राजा त्याच्याशी तह करतो! सिनेमात दोनच बाजू आहेत. एकीकडे ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी, म्हणजे खलनायक, आणि दुसरीकडे चाचे, म्हणजे आपली माणसं. आंग्र्यांना त्यात चांगल्या बाजूला बसवलंय खरं, पण किल्ले, मुलूख, तह, भाऊबंदकी असलेल्या माणसाला तिथे खुर्चीच नाही.

जाता जाता नावांबद्दल एक सावधगिरी. जुन्या कागदांत ‘कोळवण’ दिसलं की मी हुरळून जायचे. पण ठाणे-जव्हारकडच्या कोळ्यांच्या डोंगराळ मुलखालाही कोळवणच म्हणत. मुळशीतलं आमचं गाव वेगळं. ‘अँग्रिया’ दिसलं की कोणता आंग्रे, आणि ‘कोळवण’ दिसलं की कोणतं, हे आधी ठरवायचं. माझा एक अख्खा आठवडा यात गेलाय.

मग संभाजी स्वतः कुठे बोलतो? पारसनीसांनी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचा पत्रव्यवहार छापला आहे. आंग्रे बंधू स्वामींना मानत, आणि त्यांच्यातलं भांडण मिटावं म्हणून स्वामी खटपट करत होते. दा. गो. ढबूंचं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ही त्याच्या शेजारी ठेवून वाचा. तिथल्या संभाजीला ना जग जिंकायचंय, ना कंपनी बुडवायचीय. तो घरच्या वाटणीत अडकलेला आहे.

भावाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग गोळी खाल्ली तो कोण होता?”

तो सुंभाजीचा वकील. सिनेमाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत शोधत बसलो, पण तेवढ्यात लाइट गेली.