हिशेब न मागण्याचे कलम

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात दिल्लीने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठवले. अडचणीतल्या कापड उद्योगाला रुई स्वस्त मिळावी, हा हेतू. पण हे महिने म्हणजे आमच्याकडे सीतादही होऊन वेचणी भरात येण्याचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता, पण शेतकऱ्याच्या हातात पडतो तो बोलीचा भाव.

वऱ्हाडच्या भावाचा निकाल दूरदेशी लागणे हे जागतिकीकरणानंतरचे दुखणे आहे, असे भाषणांतून ऐकू येते. मला ते पटत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून वह्या लिहिता लिहिता जुने करारनामे वाचण्याचा नाद लागला. त्यामुळे राजाच्या नावाआधी येणे-बाकीच्या रकान्याकडे नजर जाते. त्या सवयीनेच १८५३ आणि १८६० हे दोन तह मी शेजारी ठेवून वाचले.

मुळात वऱ्हाड इंग्रजांनी लढून निजामाकडून घेतलेले नाही. ते कर्जापोटी गेले. १८०० च्या तहाप्रमाणे युद्धाच्या वेळी ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ पुरवणे एवढीच निजामाची जबाबदारी होती. पण रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळापासून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक कायमची फौज उभी राहिली, तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट. शांततेच्या काळात ती पोसण्याला तहाचा आधार नव्हता, तरी पगार निजामाच्या खजिन्यातून जायचा. खजिना कोरडा पडला की हैदराबादची पामर आणि कंपनी ही पेढी उसने द्यायची, साधारण शेकडा २४-२५ व्याजाने. या पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली. देशी राजांना कर्ज देण्यावरच्या बंदीतून पेढीला सवलत मिळाली ती हेस्टिंग्जच्याच काळात. (आमच्याकडचा सावकार निदान लग्नकार्यातच गाठ मारायचा!) मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण उघडे केले. अखेर कंपनीने पामरचे देणे फेडले, पण त्या बदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची बुडाली.

पामर बुडाली तरी फौज राहिली आणि थकबाकी चढत गेली. डलहौसीने ती वसूल करायची ठरवली. मे १८५३ मध्ये नासिरुद्दौलाने सही केली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी कंपनीच्या हाती गेले. निजामाचीही काही उलट येणी होती. छावण्यांतल्या अबकारीचे उत्पन्न त्यांपैकी एक. ती धरलीच नाहीत. पुढे १८६० मध्ये रेसिडेंट डेव्हिडसननेच वरिष्ठांना कळवले, की १८५३ साली आपले खरे येणे जवळजवळ नव्हतेच. माझ्या मते वऱ्हाडच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे आणि शाळेच्या पुस्तकात ती कधी आलेली नाही.

१८५३ च्या तहात दोन गोष्टी निजामाच्या बाजूच्या होत्या. कंपनीने दरसाल जमाखर्च दाखवायचा, आणि खर्च भागून उरेल ते निजामाला द्यायचे. १८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० मध्ये नवा तह झाला. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले, आणि एक कलम आले: वऱ्हाडच्या मागच्या, चालू आणि पुढच्या जमाखर्चाचा हिशेब निजाम मागणार नाही. शिल्लक उरली तर इंग्रज सरकार देईल. आता, ज्याला वही पाहता येत नाही त्याला शिल्लक किती हे कळणार कसे? अशी चिठ्ठी एखाद्या अडत्याने लिहून मागितली असती तर अकोल्यात त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढले नसते.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि लिव्हरपूलचे डोळे आपल्याकडे वळले. तिथल्या बाजारात वऱ्हाडी कापसाला उमरावतीवरून ‘ऊमरा’ म्हणत. पूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरकडे जाई, आता त्याची वाट मुंबईची झाली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोने खामगावची शाखा उघडली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. व्होल्कार्ट, रॅली अशा युरोपीय पेढ्यांची माणसे तिथे खरेदीला बसू लागली.

पण तेजी रेल्वेच्या आधीच ओसरली होती. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, भाव कोसळले, १ जुलैला मुंबईत वायद्यांचे दिवाळे वाजले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. तेजीत काहींच्या घरी खरोखर पैसा आला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे तीच वर्षे असतात. मात्र ज्वारीच्या रानात शिरलेली पऱ्हाटी भाव उतरल्यावर मागे फिरली नाही, कारण सारा आणि सावकार दोघांनाही रोकड हवी होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरची कणगी रिकामी असलेल्यांना बाजारातले धान्य परवडले नाही.

या सगळ्या काळात सालारजंग वऱ्हाड परत मागत होता. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख ठेव ठेवायचीही त्याची तयारी होती. उत्तर नकाराचेच आले. कर्ज तर १८६० मध्येच माफ झाले होते, मग गहाण कशाचे, हा त्याचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. उत्पन्न वाढले तसा इंग्रजी कारभाराचा खर्चही वाढत गेला, आणि शिल्लक म्हणून हैदराबादला पोचले ते तुटपुंजे.

१९०२ मध्ये कर्झनने मीर महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये खंडाने. कापसाचा भाव कितीही चढो, खंड तेवढाच. त्यातूनही सुरुवातीला कितीतरी वर्षे जुन्या कर्जाचे हप्ते वळते होत राहिले.