प्रोसेस मायनिंग : व्यवहारनोंदींची पूर्वतयारी

संस्थेच्या संगणकप्रणालीत रोजच्या कामातून साठलेल्या नोंदी निवडून, एकमेकींशी जुळवून आणि कालक्रमाने लावून त्यांची घटनानोंदवही तयार करण्याचे काम. काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेले, कुठे अडले आणि कुठून मागे फिरले, हे अशा नोंदवहीवरून शोधणे म्हणजे प्रोसेस मायनिंग. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठात विल व्हान डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस या विषयाचा पाया घातला. त्याचा जाहीरनामा २०११ मध्ये निघाला आणि नोंदवहीच्या ‘झेस’ या साच्याला २०१६ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे प्रमाणपद मिळाले. नोंदवहीवरून प्रक्रियेचा नकाशा काढणारी सॉफ्टवेअरे आता सहज मिळतात. नोंदवही मात्र विचार करूनच घडवावी लागते आणि निष्कर्षाचा खरेखोटेपणा तिथेच ठरतो.

नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत किमान तीन गोष्टी लागतात : प्रकरण कोणते, कृती कोणती आणि ती केव्हा झाली. सॅपसारख्या ईआरपी प्रणालीत, म्हणजे संस्थेचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अशी ओळ आयती सापडत नाही. खरेदीची मागणी ‘ईबॅन’ तक्त्यात असते, ऑर्डरचा मथळा ‘ईकेकेओ’मध्ये, तिच्यातल्या बाबी ‘ईकेपीओ’त, माल आल्याचा आणि बिल लागल्याचा इतिहास ‘ईकेबीई’त. कुणी मागाहून दर किंवा नग बदलले असतील, तर ते ‘सीडीएचडीआर’ आणि ‘सीडीपीओएस’ या बदलनोंदींत शोधावे लागते. हे तक्ते हिशेब चोख राहावा म्हणून रचलेले आहेत. कामाची हकीकत सांगणे हा त्यांचा हेतू नव्हे. त्यामुळे पहिला प्रश्न तांत्रिक नसतोच. ‘एक प्रकरण’ म्हणजे अख्खी ऑर्डर, तिच्यातली एक बाब की एक बिल, हे ते काम रोज करणाऱ्या माणसाजवळ बसून ठरवावे लागते.

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरचे दहन आणि त्याला जोडून येणारी मृत्युनोंदणी या प्रक्रियेत हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो. घाटावर रात्रंदिवस चिता जळत असतात. पूर्व उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधूनही शव इथे आणले जाते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद मात्र तो जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे होते आणि स्मशानाच्या व्यवस्थापकावरही खबर देण्याची जबाबदारी आहे. म्हणजे एका माणसाचे दहन वाराणसीत आणि मृत्युनोंद दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित दुसऱ्या राज्यातही. दहनाच्या पावतीला प्रकरण मानले, तर नोंदणीची पुढची वाट तुटते. मृत्युनोंदीला मानले, तर घाटावर आलेली कित्येक शवे हिशेबात येत नाहीत. दोन्ही जोडायला नाव, वय आणि तारीख यांचाच आधार उरतो, आणि नावाचे लेखन दोन कचेऱ्यांत दोन तऱ्हांनी होऊ शकते. संन्यासी आणि लहान मुले यांना परंपरेने जलसमाधी देतात. तिथे दहनाची घटना घडतच नाही. अशी रिकामी जागा म्हणजे नोंद राहिली असे समजून ती भरणे ही गंभीर चूक होय.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मृत्यू आणि दहन पुष्कळदा एकाच दिवशी होतात. दोन्ही ओळींत नुसती तारीख असेल, तर संगणक दोघींना मध्यरात्रीची वेळ देतो आणि क्रम लावताना कृतीच्या नावाकडे वळू शकतो. अकारविल्हे ‘दहन’ ‘मृत्यू’च्या आधी येते. नकाशात मग माणूस मरण्यापूर्वी त्याची चिता पेटलेली दिसते. इथे चूक लगेच डोळ्यांत भरते. खरेदीच्या नोंदवहीत ऑर्डरच्या आधी माल आलेला दिसला, तर तो गैरव्यवहार समजला जातो आणि निरपराध कारकुनाला जाब विचारला जातो. ‘ईकेकेओ’तील निर्मितीच्या रकान्यात केवळ तारीख असते, ‘ईकेबीई’त नोंद टंकल्याची वेळही असते. असे दोन स्रोत शेजारी लावताना कृतींचा तर्कशुद्ध क्रम वेगळा लिहून ठेवावा, आणि जिथे क्रम ठरवताच येत नाही तिथे तो ठरवू नये.

शिवाय एकाच घटनेला अनेक तारखा असतात. मृत्यू झाला ती, निबंधकाला खबर मिळाली ती, संगणकात नोंद चढली ती. अधिनियमाखालील नियमांनी खबर देण्यास २१ दिवस दिले आहेत. त्यानंतर, मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. कागदी नोंदी साठवून एकदम संगणकात चढवल्या आणि विश्लेषकाने तीच तारीख उचलली, तर वेळेत आलेले कुटुंब उशिरा आलेले ठरते. निवृत्तिवेतन, विमा, वारसनोंद हे सगळे याच दाखल्यावर अडलेले असते, म्हणून उशीर घरच्यांचा की कचेरीचा हे नोंदवहीत स्पष्ट उमटलेच पाहिजे. सॅपमध्ये हाच भेद हिशेबी तारीख आणि टंकनाची तारीख यांत आहे. मार्चअखेरीस मागच्या तारखेने घातलेली बिले याच भेदातून ओळखू येतात. दोन्ही रकाने ठेवावेत, एक निवडून दुसरा टाकू नये.

अनेकांशी अनेक असे नाते असले, की निराळीच अडचण येते. एका बिलात तीन ऑर्डरींचा माल असेल आणि ऑर्डर हे प्रकरण धरले असेल, तर ते एकच बिल तीनदा मोजले जाते. उलट, एका ऑर्डरीत अनेक बाबी असतील, तर कोणत्या बाबीची कोणती आवक हे धागे एकमेकांत मिसळतात. यावर उपाय म्हणून २०२० पासून ‘ओसेल’ हा वस्तुकेंद्री साचा आला. त्याची दुसरी आवृत्ती २०२३ ची. त्यात एकच घटना ऑर्डर, बिल आणि माल या तिघांशीही बांधता येते. मणिकर्णिकेच्या उदाहरणात मृत व्यक्ती, दहनाची पावती आणि मृत्युनोंद या तीन वस्तू अशाच वेगळ्या ठेवता येतील. वर सांगितलेला वाट तुटण्याचा प्रश्न त्याने बराच सुटतो.

वर उल्लेखलेल्या जाहीरनाम्यात नोंदींच्या दर्जाचे एक ते पाच तारे आहेत. हाताने लिहिलेली वही तळाशी, ईआरपीचे तक्ते मधोमध. घाटावर शवाला गंगास्नान घडते, लाकडे तोलली जातात, दहनाचे काम पाहणाऱ्या डोमांकडून अग्नी घेतला जातो, कपालक्रिया होते. यांतले बहुतेक तक्त्यात येत नाही, आणि कारखान्यातही फोनवर झालेली मंजुरी येत नाही. म्हणून तयार नोंदवहीसोबत एक टिपण द्यावे : कोणते तक्ते घेतले, कोणत्या काळातले, कोणत्या ओळी गाळल्या आणि का, कोणत्या कृती मुळातच टिपल्या जात नाहीत. निवडलेल्या काळाच्या कडेवरची अर्धवट प्रकरणे वेगळी दाखवावीत. नावे आणि ओळखक्रमांक जोडणी होताच सांकेतिक करावेत. मृत्युनोंदीत खबर देणाऱ्या नातेवाइकाचाही तपशील असतो. शेवटी काही प्रकरणे निवडून मूळ कागदाशी ओळीओळीने ताडून पाहावीत, आणि हे ताडणे नोंदवही रचणाऱ्याने नव्हे, तर मूळ काम रोज करणाऱ्या कर्मचाऱ्याने करावे.