हायड्रॉलिक प्रेस: ब्रामाच्या कारखान्यापासून घरच्या कार्यशाळेपर्यंत

पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. ब्लेझ पास्कलचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. एका तोंडापेक्षा दुसरे तोंड शंभरपट मोठे असलेले भांडे घेतले, तर लहान तोंडावरचा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांची बरोबरी करेल, असे त्याने त्यात मांडले होते. मग प्रत्यक्ष प्रेस तयार व्हायला आणखी १३० वर्षे का लागली? अडचण नियमात नव्हती. तो दाब ज्यात कोंडायचा, ते भांडे बनवणे अवघड होते. घरी प्रेस बांधायचा विचार करणाऱ्यालाही आज याच प्रश्नाशी गाठ घालावी लागते.

१७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्लिश कारागिराने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. तो मूळचा सुतारकाम शिकलेला, पण त्याचे नाव झाले ते कुलुपांमुळे. त्याच्या प्रेसमध्ये लहान पंप जाड सिलिंडरात पाणी भरी आणि मोठा दट्ट्या वर येई. पण दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून पाणी उडायचे. फट आवळून बंद केली, तर दट्ट्या जागीच अडकायचा आणि दाब काढला तरी परत येत नसे. यावर तोडगा निघाला तो चामड्याच्या वाकवलेल्या कड्याचा. त्याचे श्रेय बहुधा ब्रामाचा कारागीर हेन्री मॉडस्ली याला दिले जाते. सायकलच्या पंपातला किंवा रॉकेलच्या स्टोव्हमधला वाटीसारखा चामडी वायसर तुम्ही पाहिला असेल, तर ही युक्ती लगेच कळेल. आतला दाबच चामड्याच्या कडा फाकवून भिंतीला घट्ट चिकटवतो. दाब वाढेल तशी पकड वाढते, दाब गेला की सुटते. आजच्या जॅकमधला सील चामड्याचा नसतो, पण काम याच पद्धतीने करतो. पुढे मॉडस्लीने आठवड्याच्या ३० शिलिंगांवर वाढ मागितली, ती मिळाली नाही आणि १७९७ मध्ये तो बाहेर पडला. ब्रामाला हा नकार महागात पडला असणार, कारण मॉडस्ली पुढे त्या काळातला अग्रगण्य यंत्रकार झाला.

सील सुटला, तरी सिलिंडरचा प्रश्न उरलाच. भिंत दुप्पट जाड केली की ताकद दुप्पट होईल असे आपल्याला सहज वाटते. तसे होत नाही. जाड भिंतीत सर्वांत जास्त ताण आतल्या थरावर येतो, बाहेरचे थर त्यामानाने आरामात असतात. एका मर्यादेनंतर धातू कितीही वाढवला तरी आतला थर फाटायचा तो फाटतोच. बीडाच्या ओतीव सिलिंडरात तर आत लपलेला पोकळ फोड वरून दिसतही नाही.

वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया पूल बांधत होता. दीड हजार टनांच्या आसपास वजनाची लोखंडी नळी खांबांवर बसवलेल्या हायड्रॉलिक प्रेसनी उचलायची होती. एका दमात ६ फूट उचलायचे, साखळ्या अडकवायच्या, पुन्हा उचलायचे. स्टीफन्सनचा आग्रह असा होता की नळी जसजशी वर जाईल, तसतशी तिच्या टोकाखाली भर घालत राहायची, मोकळी जागा ठेवायची नाही. १७ ऑगस्ट १८४९ रोजी मोठ्या प्रेसच्या सिलिंडरचा तळच निखळला. एका कामगाराचा जीव गेला. नळी मात्र काही इंचच खाली आली आणि भरावावर टेकली. खाली भर नसती, तर नळी आणि पूल दोन्ही गेले असते. १८५७-५८ मध्ये थेम्सच्या काठी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज पाण्यात ढकलतानाही काही प्रेस फुटले.

आपल्याकडे हे यंत्र पोहोचले ते मुख्यतः कापसामुळे. कापूस हलका, पण जागा खाणारा. जहाजाने परदेशी पाठवायचा तर गाठी घट्ट दाबायलाच हव्यात. खामगाव, अकोला या भागात ‘जिन-प्रेस’ हा शब्द आजही कानावर पडतो, त्यातला ‘प्रेस’ हाच.

आता घरच्या कार्यशाळेकडे येऊ. गॅरेजमधला बॉटल जॅक हा ब्रामाच्या प्रेसचा थेट वंशज, पाण्याऐवजी त्यात तेल असते. हिशेब करून पाहा. पंपाचा दट्ट्या १२ मिमी आणि मोठा रॅम ६० मिमी व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळाचे प्रमाण २५ पट. दांड्याची तरफ २० पट धरा. हाताने ४० किलो जोर लावला की रॅमवर २०,००० किलो, म्हणजे २० टन. आत दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो! मोटारीच्या चाकात तो दोन-अडीच किलो असतो. म्हणून सिलिंडर घरी बनवू नका. तयार जॅक विकत घ्या आणि त्याच्या ओव्हरलोड व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावू नका.

घरी बनते ती फ्रेम, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. जॅक वरच्या बीमला वर आणि खालच्या बेडला खाली ढकलतो. हा सगळा ताण दोन खांबांवर येतो. फ्रेम १० टनांची आणि जॅक २० टनांचा असेल, तर आधी फ्रेमच हार मानेल. भार एकट्या वेल्डिंगवर टाकू नका. बीम आणि बेड खांबांमधून आरपार गेलेल्या जाड पिनांवर बसू द्या. वस्तू रॅमच्या बरोबर मध्याखाली ठेवा, तिरका भार तिला बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर फेकतो. तेल फारसे दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा कमी साठते हे खरे, पण वाकलेली फ्रेम ताणलेल्या धनुष्यासारखी असते. बेअरिंगची कडक पोलादी कडी तर वाकत नाही, तुकडे होऊन उडते. समोर जाड पत्र्याची आड हवी, डोळ्यांवर चष्मा हवा आणि तुम्ही बाजूला उभे असायला हवे.

तेल गळते का हे बोट फिरवून कधीही पाहू नका, पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण उशीर झाला तर बोट गमवावे लागते. असे झाले तर लगेच रुग्णालयात जा आणि दाबाखालचे तेल शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आणि प्रेसमध्ये अडकलेल्या वस्तूखाली हात घालायची वेळ आली, तर आधी दाब सोडा. वरचा भाग खाली येण्यासारखा असेल तर पोलादी ठोकळे रचून त्याला टेकू द्या, मेनाईच्या खांबावर दिला होता तसा.