प्रकल्पाचे फोटो फक्त स्टेटसला? अभ्यासात त्यांचा असाही उपयोग होतो

शाळेचा प्रकल्प संपला की फोटो निघतो. तक्ता पुढे, मुलं मागे, बाई कडेला, सगळे हसतायत. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो. प्रकल्प झाला, एवढंच त्यातून कळतं. कोण काय शिकलं, हे कळायला काम चालू असतानाचे फोटो लागतात आणि ते बघत मुलांनी बोलावं लागतं.

समजा, परळच्या एखाद्या शाळेतली सातवीची मुलं लालबागच्या मिरची गल्लीत गेली. बेडगी, काश्मिरी, लवंगीचे भाव लिहून आणायचे आणि किलोभर मसाल्याचा खर्च काढायचा. परतल्यावर ‘काय शिकलात?’ विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘खूप मजा आली, बरंच शिकायला मिळालं.’ तीच मुलं आता फोटो बघतात. एकीच्या वहीत भाव दिसतो, पण तो किलोचा की पाव किलोचा, हे लिहिलेलंच नाही. म्हणजे हिशेब चुकला तो वर्गात नाही, दुकानासमोर. दुसऱ्या फोटोत चौघं दुकानदाराशी बोलतायत आणि दोघं मागे नुसते उभे आहेत. ते का उभे राहिले, हे त्यांनाच विचारायला हवं, तेही न रागावता.

प्रश्न साधे असतात. इथे काय दिसतंय? तेव्हा तू काय विचार करत होतास? कुठे अडलं? पुन्हा करायचं तर काय बदलशील? फोटोखाली त्याच दिवशी दोन ओळी लिहायच्या आणि पंधरा दिवसांनी, पहिल्या न बघता, पुन्हा दोन. या दोन्हींमधला फरक हीच खरी प्रगती. गिरणीच्या चिमणीच्या फोटोखाली आधी फक्त ‘जुनी चिमणी’ असतं. आजोबांशी बोलल्यावर तिथेच १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप येतो, बंद झालेला पगार येतो.

ही पद्धत आली कुठून? ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे प्रौढांच्या वर्गात त्यांच्याच जगण्यातली चित्रं दाखवून चर्चा घडवत. तो धागा धरून कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी नव्वदच्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्याला पुढे ‘फोटोव्हॉइस’ हे नाव पडलं.

मुंबईत याच्या जवळ जाणारं काम ‘पुकार’ या संस्थेचं. मुंबईतच वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई तिचे संस्थापक. संस्थेच्या युवा फेलोशिपमध्ये तरुणांचे गट आपल्याच भोवतालचा विषय निवडून वर्षभर संशोधन करतात. त्यांना ‘अनवाणी संशोधक’ म्हणतात. नोंद ठेवणं हाच हस्तक्षेप, हे संस्थेचं सूत्र. संशोधन हा फक्त तज्ज्ञांचा नाही, सगळ्यांचा हक्क आहे, असं अप्पादुराई यांनी २००६ च्या एका निबंधात मांडलं. तसं पाहिलं तर शिक्षणात कॅमेरा येणं या शहराला नवं नाही: एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्येच फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता.

महाराष्ट्रातल्या शाळांत आकारिक मूल्यमापन आहेच, म्हणजे परीक्षेखेरीज वर्षभराच्या कामाची नोंद. या फोटोंची जागा तिथे आहे. पण फोटोला गुण देऊ नयेत. गुण आले की मुलं चूक लपवतात, पोझ देतात आणि सगळा खेळ तिथेच संपतो. फोटोही मोजकेच हवेत. चाळीस फोटोंपेक्षा मुलानं स्वतः निवडलेले तीन पुरतात. ‘हाच का निवडलास?’ याचं उत्तर देतानाच तो विचार करतो. घरी सगळ्यांकडे मोकळा फोन नसतो, म्हणून वर्गाचा एकच फोन आळीपाळीनं फिरवणं बरं.

आणि हे फोटो वर्गाबाहेर नेण्याआधी विचारायलाच हवं, मुलाला आणि पालकांनाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. चुकीचा हिशेब दाखवणारी वही वर्गात कामाची असते. तीच शाळेच्या पेजवर गेली, तर ते पोर पुढच्या वेळी वही कॅमेऱ्यासमोर उघडणारच नाही.