पुढे चालणारा माणूस

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे पाली लागतं. इथून एक रस्ता लांज्याकडे जातो, दुसरा नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. बाजारपेठ महामार्गाच्या कडेनंच वाढलेली. कोकणातली जुनी वाट म्हणजे पाखाडी, चालणाऱ्याच्या पायांनी ठरवलेली. गाडीरस्ता मागाहून आला, आणि बघता बघता चालणाराच 'मध्ये येणारा' ठरला. अपघात झाला की पहिला प्रश्न काय असतो? "तो रस्त्यात आला कशाला?"

हा प्रश्न पूर्वी उलटा होता. इंग्लंडात १८६५ साली कायदा झाला, की रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनापुढे साठ यार्डांवर (म्हणजे साधारण ५५ मीटर) एका माणसानं लाल झेंडा घेऊन चालायचं. वेग गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन! आज हसू येतं. घोडागाडीवाल्यांचा आणि रेल्वेवाल्यांचा स्वार्थही त्यात असेल म्हणा. पण धोका जो आणतो त्यानंच सावध करायचं, हे त्यात स्पष्ट होतं. १८७८ मध्ये झेंड्याची सक्ती सुटली, १८९६ मध्ये पुढे चालणारा माणूसही गेला. त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मेली. निकाल: अपघाती मृत्यू.

पुढे अमेरिकेत १९२०च्या सुमारास मोटारवाल्यांनी जोर लावला आणि वाटेल तिथून रस्ता ओलांडणारा हाच गुन्हेगार ठरत गेला. आपणही शाळेत तेच शिकलो: आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे. ते चुकीचं नाही. पण ड्रायव्हरला काय शिकवलं?

कायद्यात आहे तसं. २०१७च्या वाहनचालन विनियमांत झेब्रा पट्ट्यावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायला सांगितलंय. पण महामार्गावरच्या गावात पट्टे शोधायचे कुठे? आणि हिशोब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर संपतं. ५० ला हेच १४ मीटर. कोकणातला पाऊस आणि ओला रस्ता धरलेलाच नाही.

शिमग्यात कोकणात पालखी रस्ता ओलांडते तेव्हा गावातले चारदोन जण पुढे होऊन हात वर करतात. ट्रकसुद्धा मुकाट्यानं थांबतात. दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं तिथूनच जातात. त्यांना मात्र हॉर्न.